‘इमर्जन्सी है क्या?’ : जुने दुखणे आणि महामारीचे सोळा महिने

निशिगंध (इंदूर), ११ जुलै २०२१

नमस्कार. २०२० च्या एप्रिल महिन्यात महूनाक्यावर एका पोलिसाने मला जो प्रश्न विचारला, त्याचे नीट उत्तर मला आजतागायत देता आलेले नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

मला गेली सतरा वर्षे संधिवात आहे. उतारवयात गुडघे झिजतात तो नव्हे, तर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो, रुमेटॉइड. दोन्ही हातांची बोटे, मनगटे आणि पावलांचे पुढचे सांधे हे त्याचे मुक्काम. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध), रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या दोन गोळ्या, पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) आणि पंधरवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्टकडे मेणाचा शेक, एवढ्या भांडवलावर माझे घर, मुलांच्या शिकवण्या आणि अधूनमधून एखादे नाटक, असे सगळे ठीक चालले होते.

२२ मार्चच्या जनता कर्फ्यूला राजवाड्यावर थाळ्या वाजवत लोटलेली गर्दी आपण इंदूरकरांनी पाहिलीच. २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली, त्याच सुमारास शहरात पहिले रुग्ण सापडले आणि मग किराण्याची यादी कचरागाडीबरोबर पाठवण्याची वेळ आली. कामवाल्या बाईंना येणे शक्य नव्हते. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आणि यजमानांना मधुमेह. झाडू-पोछा यजमानांनी उचलला, पण कणीक माझ्याकडेच राहिली, कारण त्यांनी मळलेल्या कणकेच्या पोळ्या सासूबाईंना चावत नसत. (हे त्यांना आजही मान्य नाही.)

त्यातच माझी रोजची गोळी बाजारातून नाहीशी झाली. कोरोनाबाधितांची शुश्रूषा करणाऱ्यांनी प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घ्यावी, अशी शिफारस मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाली आणि ज्यांना कोणाची शुश्रूषा करायची नव्हती, त्यांनीही ती घरात भरून ठेवली. २६ मार्चला केंद्र सरकारने तिची विक्री अनुसूची एच-१ च्या, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी पाहून आणि नोंद ठेवूनच विकण्याच्या, कडक नियमाखाली आणली. माझी चिठ्ठी होती मुंबईच्या डॉक्टरांची आणि तीही ऑक्टोबरमधली. घरात बारा दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. मी कोणालाही न विचारता दोनाची एक केली, मग दिवसाआड एक. गंमत अशी, की या औषधाचा कच्चा माल बनवणारा मोठा कारखाना रतलामला, म्हणजे येथून दीडशे किलोमीटरच्या आत आहे.

एप्रिलच्या मध्यास कळले, की छावणी भागातल्या एका दुकानात एक स्ट्रिप मिळू शकेल. मी फाइल घेऊन निघाले. महूनाक्यावर अडवले. पोलीस तरुण होता, अजिबात उर्मट नव्हता. त्याने विचारले, “इमर्जन्सी है क्या, मैडम?” आणि माझ्या तोंडून सरळ “नहीं” असे गेले. तो म्हणाला, “तो घर जाइए, माहौल ठीक नहीं है.” मी परत आले.

हातात फाइल होती, बोटे सुजलेली होती, तरीही मी ‘नाही’ का म्हटले? सतरा वर्षांचे दुखणे तातडीचे कसे म्हणायचे, हेच मला सुचले नाही. ज्यांना असे जुने दुखणे आहे, त्यांनी या काळात काय केले आणि असा प्रश्न आला तेव्हा काय उत्तर दिले, हे जाणून घेण्याची इच्छा आहे.

छावणीवाला (इंदूर), ११ जुलै २०२१

ताई, आपण त्या दिवशी छावणीत पोहोचला असतात तर मी आपल्याला वाटेत भेटलोही असतो. मी बँकेत आहे. बँका अत्यावश्यक सेवेत असल्यामुळे माझ्या गळ्यात पास होता आणि मला एकाही नाक्यावर कोणी काही विचारले नाही. त्याच गळ्याच्या खाली, पाठीच्या कण्यात, अठ्ठाविसाव्या वर्षापासून अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचे सांधे आखडवणारा संधिवात, आहे, पण पास त्याच्यासाठी नव्हता.

आमच्या आजाराचे तंत्र उलटे असते. इतरांचे दुखणे विश्रांतीने कमी होते, आमचे विश्रांतीने वाढते. पहाटे तीन-चारला कंबर लाकडासारखी होऊन जाग येते आणि चालले, हालचाल केली, की ती सैल पडते. म्हणून ‘घरात बसा’ हा उपदेश आमच्यासाठी अपायच होता. जलतरण तलाव बंद, बागा बंद. मी गच्चीवर चकरा मारू लागलो, तर समोरच्या इमारतीतील गृहस्थांनी त्याचे चित्रीकरण करून कॉलनीच्या गटावर टाकले, की हे टाळेबंदीत फिरतात.

दुसरी चूक माझी स्वतःची. १४ मार्चला फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी आयब्युप्रोफेनसारख्या सूज कमी करणाऱ्या गोळ्यांनी संसर्ग बळावू शकतो, असे जाहीर केले आणि तो संदेश आमच्या आतेबहिणीमार्फत इंदुरात पोहोचला. आमच्या उपचाराचा पायाच या जातीच्या गोळ्यांवर असतो. मी त्या बंद केल्या. जागतिक आरोग्य संघटनेने पुढच्या पाच-सहा दिवसांतच अशा गोळ्या टाळण्याची शिफारस आपण करत नाही असे स्पष्ट केले, पण ते स्पष्टीकरण आतेबहिणीने पाठवले नाही. आठवड्याभरात अशी अवस्था झाली, की अंथरुणावर कूस बदलायला पत्नीचा हात लागे.

आणखी एक. शाखेत प्रवेश करताना रोज एक अर्ज भरावा लागे : ताप, खोकला, अंगदुखी. अंगदुखीपुढे ‘होय’ लिहिले, तर घरी पाठवत. ‘नाही’ लिहिले, तर ते खोटे असे. मी रोज ‘नाही’ लिहिले.

शंकासुर (इंदूर), १२ जुलै २०२१

कोणाच्या भावना दुखवण्याचा हेतू नाही, परंतु ज्या काळात माणसे प्राणवायूअभावी गेली, त्या काळातल्या बोटांच्या दुखण्यावर धागा काढणे मला थोडे विचित्र वाटते. दुखणे बऱ्याच अंशी मनाचे असते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी टाळेबंदीत नियमित प्राणायाम करून सतरा नव्हे, वीस वर्षांची पाठदुखी घालवली. घरबसल्या मिळालेला वेळ सत्कारणी लावता आला असता.

निशिगंध (इंदूर), १२ जुलै २०२१

शंकासुर, आपला पहिला मुद्दा मला जराही टोचला नाही, कारण महूनाक्यावर मी स्वतःच तो स्वीकारून परत फिरले होते. दुसऱ्या मुद्द्याबाबत एवढेच, की प्राणायाम मीही करते. नाकपुडी बंद करायला अंगठा लागतो. तो वळत नाही तेव्हा करंगळीने काम भागवते.

पर्चीवाला (इंदूर), १२ जुलै २०२१

माझे औषधांचे दुकान आहे, म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

मार्चच्या त्या आठवड्यात ज्यांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचे नावही कधी ऐकले नव्हते, असे लोक मोबाइलवरचा संदेश दाखवून पाच-पाच, दहा-दहा स्ट्रिप मागत होते, आणि मी पहिल्या दिवशी दिल्यासुद्धा. नंतर एच-१ आले. त्यात डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले याची वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. नियम योग्यच होता, पण तो आला तेव्हा माल निघून गेला होता, त्यामुळे वही नियमित रुग्णांच्या वाट्याला आली आणि गोळी इतरांच्या. निर्यातबंदी झाली, ७ एप्रिलला ती काही अंशी उठलीही. आमच्याकडे पुरवठा सावकाश पूर्ववत झाला. जूनच्या ५ तारखेला इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने जाहीर केले, की रुग्णालयात दाखल झालेल्या कोरोना रुग्णांना या गोळीचा लाभ होत नाही. त्यानंतर तीच मंडळी भरलेल्या स्ट्रिप परत घेता का, असे विचारायला आली.

निशिगंधताई, ऑक्टोबरच्या चिठ्ठीवर मीही कदाचित नाही म्हटले असते. परंतु आपण दुकानातून आपल्या डॉक्टरांना फोन लावून दिला असता आणि त्यांनी नवी चिठ्ठी मोबाइलवर पाठवली असती, तर ती चालली असती. २५ मार्च २०२० लाच दूरवैद्यकाचे, म्हणजे फोनवरून सल्ला आणि औषध देण्याचे, नियम आले होते. हे तेव्हा दुकानदारांपैकी किती जणांना ठाऊक होते, हा प्रश्न वेगळा. मला मे महिन्यात समजले.

भूलतज्ज्ञ (इंदूर), १३ जुलै २०२१

मी भूलतज्ज्ञ असून वेदनाचिकित्सेचे काम करतो. या धाग्यावर यायला मला थोडा संकोच वाटला, कारण आपल्यापैकी अनेकांना त्या वर्षी ‘पेन क्लिनिक बंद आहे’ हे उत्तर देणाऱ्यांपैकी मी एक आहे.

कारण साधे होते. आपल्याकडे वेदनाचिकित्सा बव्हंशी भूलतज्ज्ञ करतात. श्वासनलिकेत नळी घालणे आणि व्हेंटिलेटर सांभाळणे हे कामही त्यांचेच. त्यामुळे महामारी आली, तेव्हा मज्जातंतूंजवळ सुई देऊन एखाद्याची पाठ सैल करणारे हात अतिदक्षता विभागात गेले. त्या निर्णयात मला आजही चूक दिसत नाही. चूक नंतरची आहे : पहिली लाट ओसरल्यावर आम्ही शस्त्रक्रियांची थकलेली यादी काढली, पण वेदनेच्या रुग्णांची यादी कोणी केलीच नव्हती. ते आपण होऊन येतील असे गृहीत धरले. निशिगंधताईंसारखे लोक आपण होऊन येत नाहीत, हे आम्हाला कळायला हवे होते.

पर्चीवाले म्हणतात त्याप्रमाणे दूरवैद्यकाने पुष्कळ सोय केली, मात्र त्यात एक खाच होती. अमली पदार्थविषयक कायद्याखालील औषधे फोनवरून लिहून देण्यास त्या नियमांत मनाई आहे आणि तीव्र वेदनेसाठी पुष्कळ वापरले जाणारे ट्रॅमाडॉल २०१८ पासून त्या कायद्याखाली आले आहे. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त दुखत होते, त्यालाच प्रत्यक्ष यावे लागत होते. माझ्या एका रुग्णाला मुलाने स्कूटरवर मागे बसवून आणले. मणक्याच्या रुग्णाला स्कूटरवर.

निशिगंधताईंचे दुखणे गोळी कमी केल्यावर लगेच उसळले नसेल, तीन-चार आठवड्यांनी किंवा त्याहूनही उशिरा उसळले असेल, असा माझा अंदाज आहे. या औषधाचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे ४० दिवस लागतात. त्यामुळे कपात सुरुवातीला निभावते, माणसाला वाटते की आपल्याला एवढ्याने चालते, आणि मग एके दिवशी हिशेब चुकतो. तोवर कारण आणि परिणाम यांचा संबंध लावायला कोणाच्या लक्षात राहत नाही.

शंकासुर महोदय, दुखणे मनाचे की शरीराचे, हा वाद वेदनाशास्त्राने बराच मागे टाकला आहे. जुलै २०२० मध्ये, म्हणजे ऐन महामारीत, वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारून घेतली. त्या व्याख्येनुसार वेदना हा शरीराला आणि भावनेला एकदमच येणारा अप्रिय अनुभव आहे आणि तो प्रत्यक्ष किंवा संभाव्य इजेशी निगडित असतो किंवा तसल्या इजेच्या अनुभवासारखाही असू शकतो. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वेदनेत कधीकधी मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. जुन्या वाड्याच्या दाराची कडी सैल झाली, की वाऱ्यानेही वाजते. दारात कोणी नसते, पण कडी खरोखर वाजलेली असते. प्राणायामाने कोणाकोणाची कडी घट्ट होते, हे मी नाकारत नाही. निशिगंधताईंच्या दारात मात्र खरोखरच कोणीतरी उभे आहे, सांध्यांची सूज, आणि तिला औषधच लागते.

विश्वामित्री (बडोदे), १४ जुलै २०२१

इंदूरच्या धाग्यावर बडोद्याची उपस्थिती चालवून घ्यावी. आमच्या शहरात प्रशासनाने हीच गोळी प्रतिबंधक म्हणून मोठ्या प्रमाणावर वाटली होती. आमच्या सोसायटीतही आली होती. तिकडे इंदुरात कोणी ती दिवसाआड घेत होते, हे आज वाचले.

माझा आजार चेहऱ्याचा आहे, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. उजव्या गालाला वाऱ्याची झुळूक लागली, दात घासले, कधी नुसते बोलले, तरी विजेचा झटका बसावा अशी कळ येते. काही क्षणांत जाते आणि पुन्हा येते. आता कल्पना करावी, की सर्व जगाने एकमताने ठरवले, की प्रत्येकाने गालावरून कापड ओढून घ्यायचे. मास्कला माझा विरोध नाही, माझ्या घरी दोन जण पहिल्या लाटेत आजारी होते. पण भाजी घेताना कळ आली आणि मी मास्क दोन बोटांनी गालापासून दूर धरला, तर रांगेतील बाई ओरडल्या. त्यांना काय सांगणार? कळ वीस सेकंदांची, आजाराचे नाव सांगायलाच त्याहून जास्त वेळ लागतो, आणि बोलले की पुन्हा कळ.

डॉक्टरांनी फोनवरूनच कार्बामॅझेपिनचा डोस वाढवला. हे औषध फोनवर लिहून देता येत होते. मात्र त्याने रक्तातील सोडियम उतरू शकते, त्याची तपासणी मी प्रयोगशाळेच्या भीतीने पुढे ढकलली आणि एके सकाळी न्हाणीघरात भोवळ येऊन पडले. म्हणून सांगते, फोनवर डोस वाढला तरी सुईची तपासणी फोनवर होत नाही, तिच्यासाठी जावेच.

कान ओढणाऱ्या इलॅस्टिकचा मास्क मला सर्वांत वाईट. कोणाला गालाला न टेकणारा, पुढे चोचीसारखा उभा राहणारा मास्क शिवता येत असेल, तर माप कळवावे.

गोपाचल (ग्वाल्हेर), १५ जुलै २०२१

आम्ही लष्कर भागात राहतो. आईला, वय अठ्ठ्याहत्तर, २०१९ मध्ये नागीण झाली होती. फोड गेले, पण डाव्या बरगडीखालची आग गेली नाही. लुगड्याचा काठ लागला तरी ती कळवळते. मे महिन्यात, ग्वाल्हेरच्या उन्हात, पंख्याचा वाराही नको म्हणत असे. प्रीगाबॅलिनने बरे वाटत होते.

यंदा एप्रिलमध्ये गल्लीत आठवड्याभरात तीन मृत्यू झाले. त्यानंतर आईने दुखण्याविषयी बोलणे बंद केले. आम्हाला वाटले, आराम आहे. जूनमध्ये कपाटात सापडले, की गोळ्या संपून दोन महिने झाले होते. तिने सांगितले नाही, कारण “शेजारी माणसे जात असताना मी काय माझी बरगडी घेऊन बसू?”

निशिगंधताई, आपण पोलिसाला जे उत्तर दिलेत, तेच तिने आम्हाला दिले. फरक इतकाच, की आम्ही प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

छावणीवाला (इंदूर), १५ जुलै २०२१

गोपाचल यांचा प्रतिसाद वाचून काही लिहावेसे वाटत नाही. आईंना नमस्कार सांगावा.

निशिगंध (इंदूर), १७ जुलै २०२१

भूलतज्ज्ञांचा अंदाज बरोबर आहे. माझे सांधे मे महिन्याच्या अखेरीस उसळले आणि मी त्याचे खापर कणकेवर फोडले होते.

एक चांगली आठवणही नोंदवते. १ मार्च २०२१ पासून साठीच्या आतील, पण पंचेचाळीसच्या वरच्या व्याधिग्रस्तांना लस खुली झाली, तेव्हाच्या यादीत दीर्घकाळ स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारेही होते. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर मी यजमानांच्या बरोबरीने रांगेत उभी राहिले. सतरा वर्षांत या आजाराने मला कुठे पुढे नेण्याचा तो पहिलाच प्रसंग. डॉक्टरांनी लशीनंतरच्या आठवड्यात मेथोट्रेक्सेट घेऊ नका असे सांगितले, त्या आठवड्याची किंमत बोटांनी मोजली, पण ती आधी ठाऊक असल्यामुळे सोसली.

एक प्रश्न. मे महिन्यात काळ्या बुरशीच्या बातम्या आल्या आणि सर्व नातेवाइकांनी माझी प्रेडनिसोलोन ताबडतोब बंद करण्याचा धोशा लावला. मी बंद केली नाही. बरोबर केले ना?

भूलतज्ज्ञ (इंदूर), १७ जुलै २०२१

अगदी बरोबर केलेत. त्या बुरशीचा संबंध मुख्यतः आटोक्याबाहेरची साखर आणि मोठ्या मात्रेतील स्टिरॉइड यांच्याशी होता. वर्षानुवर्षे बाहेरून मिळणाऱ्या गोळीमुळे शरीराची स्वतःची ग्रंथी सुस्तावलेली असते. गोळी एकाएकी थांबवली, तर रक्तदाब कोसळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. कमी करायचीच झाली, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने.

आपल्या मूळ प्रश्नावर विचार करतो आहे. आम्ही रुग्णाला ‘दहापैकी किती दुखते’ असे विचारतो आणि जुना रुग्ण लाजून पाच सांगतो. त्यापेक्षा गेल्या महिन्यात जमत होते आणि आता जमत नाही, असे एक काम सांगावे. ते ऐकून पुढे काय करायचे हे डॉक्टरला चटकन समजते. पोलिसालाही कदाचित समजेल.

शंकासुर (इंदूर), १९ जुलै २०२१

माझा पहिला प्रतिसाद मी काढून टाकत नाही, कारण मग पुढची उत्तरे निराधार दिसतील. माझे मेहुणे एप्रिलमध्ये आजारी पडून बरे झाले, परंतु तीन महिने उलटले तरी त्यांचे अंग ठणकते आणि जिना चढवत नाही. सर्व तपासण्या चांगल्या आहेत. मी त्यांनाही प्राणायामच सुचवला होता. अशा वेळी प्रथम कोणाकडे जावे?

भूलतज्ज्ञ (इंदूर), १९ जुलै २०२१

प्रथम फिजिशियनकडे, हृदय आणि फुप्फुसे निर्धोक आहेत याची खात्री झाली, की मग आमच्याकडे. तोवर बरे वाटणाऱ्या दिवशी साठलेली सर्व कामे उरकू नयेत, अशी ताकीद द्यावी. चांगल्या दिवशी थोडे कमी आणि वाईट दिवशीही थोडे तरी, हे पथ्य मेहुण्यांना जितके लागू आहे, तितकेच या धाग्यावरील सर्वांना.

निशिगंध (इंदूर), २ ऑगस्ट २०२१

गेल्या आठवड्यात उजवे मनगट पुन्हा सुजले. दवाखान्यात फोन केला. स्वागतकक्षातील मुलीने विचारले, “तातडीचं आहे का?” जिभेवर आलेले ‘नाही’ गिळून मी म्हटले, “पंधरा दिवसांपूर्वी कणीक मळता येत होती, आता कुकरचे झाकणही लागत नाही.” ती क्षणभर थांबली, हसलीही असावी, आणि तिने मंगळवारी साडेचारची वेळ दिली. मनगटात इंजेक्शन झाले. कणीक सध्या यजमान मळतात आणि सासूबाई वरणात कुस्करून पोळी खातात.

विश्वामित्री, माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने चोचीचा मास्क शिवून पाहिला आहे. मऊ मलमलीचा, मध्ये उभी शिवण, आत नाकापासून हनुवटीपर्यंत कडक कापडाची पट्टी, म्हणजे तो गालांना टेकत नाही. दोन नग तयार आहेत. इलॅस्टिकऐवजी नाड्या लावायच्या आहेत. वरची नाडी कानांच्या वरून गेलेली आपल्याला चालेल का, तेवढे कळवावे.